व्हिक्टोरियाला न गेलेला बॅरी रॉब्रन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲडलेड ओव्हलच्या बाहेर पुतळ्यांची कमी नाही. भारतातून आलेले पाहुणे ब्रॅडमनला लगेच ओळखतात, गिलेस्पीलाही ओळखतात, आणि मग एका पुतळ्यापाशी थबकून विचारतात, "हा कोण?" इतक्या वर्षांत हा प्रश्न आणि त्याला फुटणारे फाटे मला पाठ झाले आहेत. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो.

हा बॅरी रॉब्रन कोण?

दक्षिण ऑस्ट्रेलियाचा फुटबॉलपटू. जन्म २५ सप्टेंबर १९४७, गाव वायॲला. (हे नाव घाईत लिहिलं की हमखास 'व्हायला' होतं, म्हणून जरा जपून.) वायॲला म्हणजे स्पेन्सर आखाताच्या काठावरचं पोलादाचं, आणि १९७८ पर्यंत जहाजबांधणीचंही गाव. तिथून तो ॲडलेडला आला आणि १९६७ ते १९८० या काळात नॉर्थ ॲडलेड या क्लबकडून २०१ सामने खेळला. राज्याच्या लीगमधलं सर्वोच्च वैयक्तिक पदक, म्हणजे मॅगरी पदक, त्याने तीनदा मिळवलं. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं 'हॉल ऑफ फेम' सुरू झालं, त्यातल्या सर्वांत वरच्या पायरीला 'लेजंड' म्हणतात. २००१ साली रॉब्रन लेजंड झाला. व्हिक्टोरिया या शेजारच्या राज्याच्या (राजधानी मेलबर्न) मोठ्या लीगमध्ये एकही सामना न खेळता तिथवर पोचलेला तो पहिला माणूस.

बाकीचे सगळे प्रश्न या शेवटच्या वाक्यातूनच निघतात.

फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल? की रग्बी?

दोन्ही नाही. हा ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, इथल्या बोलीत 'फूटी'. याचे पहिले नियम १८५९ मध्ये मेलबर्नला लिहिले गेले. मैदान क्रिकेटचंच, लंबगोल. चेंडूही लंबगोल, त्यामुळे टप्पा पडल्यावर कुठे उडेल याचा नेम नाही. एका बाजूला अठरा खेळाडू. चेंडू पायाने मारायचा, किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ढकलायचा, त्याला हँडबॉल म्हणतात. हाताने फेकायला बंदी. घेऊन पळता येतं, पण मधूनमधून टप्पा द्यावा लागतो. लांबून आलेली किक हवेतच झेलली की 'मार्क', आणि मार्क घेणाऱ्याला बिनअडथळा पुढची किक मिळते. समोरच्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून उंच उडी मारत झेललेला मार्क पाहिलात की हा खेळ लोकांना वेड का लावतो ते वेगळं सांगावं लागत नाही. ऑफसाइड नावाची भानगड नाही, म्हणून सगळे सगळीकडे असतात. पहिल्या सामन्यात माझ्या वडिलांना तो खेळ म्हणजे आठवडी बाजारात बैल उधळल्यासारखा वाटला होता. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत तेच उभे राहून ओरडत होते.

'राज्य पातळीवरचा' म्हणजे रणजीपर्यंत पोचलेला, पण भारताकडून न खेळलेला, असंच ना?

इथे आपली तुलना फसते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

'राज्य पातळी' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पद्माकर शिवलकर येतात. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, पण कसोटीची टोपी नाही, कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी होते. वर जागा होती, ती दुसऱ्याला मिळाली, आणि आपण आजही हळहळतो.

रॉब्रनच्या वेळच्या फुटबॉलमध्ये 'वर' असं काही नव्हतंच. हा खेळ मुख्यतः ऑस्ट्रेलियातच खेळला जातो, त्यामुळे देशाचा संघ कोणाविरुद्ध खेळणार? राज्याची जर्सी हाच सर्वोच्च मान. आणि मोठ्या लीग तीन ठिकाणी होत्या, व्हिक्टोरिया, दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया. प्रत्येकीचे आपले क्लब, आपले चाहते, आपला अभिमान. दक्षिण ऑस्ट्रेलियाची लीग १८७७ सालची आहे. व्हिक्टोरियाची लीग श्रीमंत होती, मेलबर्नमध्ये लोकसंख्या जास्त होती, म्हणून ती सर्वांत बलवान हे खरं. पण कागदावर ती बाकी दोघींची शेजारीण होती, सासू नव्हे. १९८७ मध्ये पर्थ आणि ब्रिस्बेनचे संघ तिच्यात आले, १९९० मध्ये तिने नाव बदलून ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग असं घेतलं, १९९१ मध्ये ॲडलेडचा संघ दाखल झाला, आणि त्यानंतर बाकीच्या लीग दुय्यम ठरल्या.

म्हणजे 'राज्य पातळीवरचा' हे लेबल रॉब्रनवर मागाहून चिकटलं. तो खेळत होता तेव्हा ॲडलेडमध्ये कोणी त्याला तसं म्हटलं असतं तर भांडण झालं असतं. गर्दीचे आकडे बघा. १९६५ ची राज्याची ग्रँड फायनल ॲडलेड ओव्हलवर ६२,५४३ लोकांनी पाहिली. १९७६ ची फायनल फुटबॉल पार्कवर झाली, तिथे ६६,८९७. तेव्हा शहराची लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास होती. शहरातला साधारण प्रत्येक चौदावा माणूस एका मैदानात!

अष्टपैलू म्हणजे नेमकं काय? इथे बॅटिंग-बोलिंग तर नाही.

कबड्डीतला असा गडी आठवा जो चढाईलाही जातो आणि कोपऱ्यात उभा राहून पकडही करतो. फूटीत जागा कितीतरी जास्त आणि प्रत्येक जागेचं अंगकाठीचं गणित वेगळं. मधोमध होणाऱ्या उडीत चेंडू टोलवणारा 'रकमन' ताडमाड हवा. त्याने टोलवलेला चेंडू खालून उचलणारा 'रोव्हर' बुटका आणि चपळ चालतो. गोलसमोरचा 'फुल फॉरवर्ड' मार्क आणि नेम यांवर जगतो. आणि 'सेंटर हाफ फॉरवर्ड' ही सर्वांत अवघड जागा मानतात, कारण तिथे उंच चेंडूही झेलायचा, जमिनीवरचाही उचलायचा, आणि अंगावर दोघे-तिघे असताना पुढे द्यायचा.

रॉब्रनचं घर 'सेंटर'. मैदानाच्या मध्यात, जिथून खेळ वळतो. पण तो सेंटर हाफ फॉरवर्डला खेळला, गोलपाशी खेळला, रक-रोव्हर म्हणून चेंडूमागे मैदानभर फिरला. दोन्ही पायांनी किक मारायचा. त्याच्यापेक्षा उंच माणसांच्या डोक्यावरून मार्क घ्यायचा आणि खाली उतरताना तोल जात नसे. जुन्या चित्रफितींत मला सर्वांत जास्त हीच गोष्ट खिळवते. आजूबाजूला सगळे धडपडताहेत, आणि हा जणू वेळ हातात असल्यासारखा मान वर करून बघतो, मग चेंडू देतो. एका पायात बळ नाही म्हणून शरीर वळवून घ्यावं लागत नाही, त्यामुळे अर्धा सेकंद वाचतो. फूटीत अर्धा सेकंद म्हणजे चैन.

माझं मत विचाराल तर अनेक जागी खेळता येणं ही त्याची खरी कमाई नव्हे. 'कुठेही चालेल' असा खेळाडू बहुतेकदा कुठेच पहिला नसतो, संघातल्या भोकांना ठिगळ लावण्यात त्याची कारकीर्द जाते. रॉब्रन जिथे उभा राहायचा तिथला त्या दिवशीचा उत्तम खेळाडू असायचा. हा फरक मोठा आहे.

मॅगरी पदक हे किती मोठं?

या राज्यात याहून मोठं काही नाही. १८९८ पासून देतात, म्हणजे व्हिक्टोरियाच्या प्रसिद्ध ब्राउनलो पदकापेक्षा पाव शतकाहून जुनं. प्रत्येक सामन्यानंतर पंच तीन, दोन आणि एक अशी मतं देतात, ती मोसम संपेपर्यंत गुप्त राहतात. सर्वोत्तम आणि सर्वांत सचोटीने खेळणारा, अशी दुहेरी अट आहे. राडा करून निलंबित झालेल्याला हे मिळत नाही.

रॉब्रनला ते १९६८, १९७० आणि १९७३ मध्ये मिळालं. पहिल्या वेळी तो जेमतेम एकवीस वर्षांचा होता. मधल्या वर्षांची नावं वाचली की त्या काळची श्रीमंती कळते. १९६९ मध्ये ग्लेनेल्गचा फ्रेड फिलिस, १९७१ मध्ये पोर्ट ॲडलेडचा रसेल एबर्ट, १९७२ मध्ये वुडव्हिलचा माल्कम ब्लाइट. ब्लाइट पुढे व्हिक्टोरियाला गेला आणि १९७८ मध्ये तिथलं ब्राउनलोही घेऊन आला. एबर्टने एकूण चार मॅगरी पदकं जिंकली, म्हणजे रॉब्रनपेक्षा एक जास्त. रॉब्रन मोठा की एबर्ट, हा वाद ॲडलेडमध्ये 'गावसकर की तेंडुलकर' इतकाच निष्फळ आणि तितकाच चवीने चघळला जातो.

१९७२ च्या एका गुणाची गोष्ट काय आहे?

आधी गुणांचा हिशोब समजून घ्या, नाहीतर मजा येणार नाही. मैदानाच्या प्रत्येक टोकाला चार खांब असतात, मधले दोन उंच, बाजूचे दोन बुटके. उंच खांबांमधून किक मारून चेंडू घातला की गोल, सहा गुण. उंच आणि बुटक्या खांबांमधून गेला, किंवा उंच खांबाला लागला, किंवा जाता जाता कोणाचा हात लागला, तर 'बिहाइंड', एक गुण. म्हणजे नेम थोडा चुकल्याचं उत्तेजनार्थ बक्षीस. धावफलकावर आधी गोल, मग बिहाइंड, मग कंसात बेरीज लिहितात.

आता १९७२. नॉर्थ ॲडलेडने पोर्ट ॲडलेडला हरवून लागोपाठ दुसऱ्या वर्षी राज्याचं विजेतेपद घेतलं होतं. प्रशिक्षक माइक पॅटरसन, स्वतः व्हिक्टोरियातल्या रिचमंडचा जुना रकमन. त्या काळी मोसमाच्या शेवटी निरनिराळ्या राज्यांचे विजेते 'चॅम्पियनशिप ऑफ ऑस्ट्रेलिया'साठी एकत्र येत. व्हिक्टोरियाचा विजेता होता कार्लटन. त्यांनी नुकतीच आपली ग्रँड फायनल रिचमंडविरुद्ध १७७ गुण करून जिंकली होती, आणि कर्णधार-प्रशिक्षक होता जॉन निकल्स, ज्याच्या नुसत्या अंगापिंडाने समोरचे दबत.

ॲडलेड ओव्हलवर सामना झाला. शेवटचा धावफलक असा:

नॉर्थ ॲडलेड १०.१३ (७३)
कार्लटन १०.१२ (७२)

नीट वाचा. दोघांचे गोल दहा-दहा. ऑस्ट्रेलियाचा विजेता ठरला तो एका बिहाइंडवर, म्हणजे एका जास्तीच्या चुकलेल्या नेमावर. प्रॉस्पेक्ट या ॲडलेडच्या उपनगरातले आमचे एक वयस्क शेजारी त्या दिवशी मैदानात होते. ते सामन्याची गोष्ट सांगायला बसले की चहा दोनदा गरम करावा लागतो. कोणता बिहाइंड निर्णायक, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "तेराही."

इतका मोठा होता, तर व्हिक्टोरियाला का गेला नाही?

बोलावणी आली, त्याने नाही म्हटलं. आपल्या लोकांना हे पचत नाही. "पैसे कमी देत होते का?", "घरचे सोडत नव्हते का?" असे प्रश्न येतात.

तेव्हाची व्यवस्था लक्षात घ्या. खेळाडू दिवसा नोकरी करायचे, संध्याकाळी सरावाला यायचे आणि शनिवारी सामना. फुटबॉलवर आयुष्य निघेल इतका पैसा मेलबर्नमध्येही सहसा नव्हता. शिवाय एका लीगमधून दुसरीत जायचं तर आपल्या क्लबची 'क्लिअरन्स', म्हणजे परवानगी, लागायची, आणि क्लब आपला हिरा सुखासुखी सोडत नसत. या अडचणी होत्याच. पण त्या ओलांडून जाणारे गेले. ब्लाइट १९७४ मध्ये गेला. एबर्टसुद्धा १९७९ मध्ये एका मोसमापुरता नॉर्थ मेलबर्नला जाऊन परत आला. रॉब्रन गेला नाही, कारण त्याला जायचं नव्हतं. क्लब इथे, माणसं इथे, आणि शनिवारी मैदान भरलेलं.

मेलबर्नची मंडळी म्हणतात, तिथे दर आठवड्याला खेळला असता तर कसोटी लागली असती. असेल. पण आंतरराज्य सामन्यांत आणि १९७२ च्या त्या सामन्यात तो त्यांच्या उत्तमांपुढे उभा राहिलाच होता, आणि लेजंड ठरवणाऱ्या समितीला तेवढा पुरावा पुरेसा वाटला. मुंबईला गेल्याशिवाय नाटकवाला मोठा होत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांना हे पटवणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे.

१९७४ मध्ये काय झालं?

सिडनी क्रिकेट मैदानावर दक्षिण ऑस्ट्रेलिया विरुद्ध व्हिक्टोरिया असा सामना होता. त्यात व्हिक्टोरियाचा ली मॅथ्यूज येऊन धडकला आणि रॉब्रनचा गुडघा गेला. मॅथ्यूज म्हणजे हॉथॉर्न क्लबचा दणकट रोव्हर, टोपणनाव 'लीथल', म्हणजे जीवघेणा. एकूण कारकिर्दीत ३३२ सामने, ९१५ गोल आणि तोही लेजंड. त्या धडकेत गुन्हा किती आणि खेळ किती, यावर आजही दोन राज्यांची दोन मतं आहेत.

रॉब्रन सव्वीस वर्षांचा होता. आज अशा दुखापतीनंतर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते आणि खेळाडू साधारण वर्षभरात परततो. १९७४ मध्ये गुडघा उघडावा लागायचा, आणि त्यानंतर तो पूर्वीचा राहत नसे. तो परत आला, खेळलाही, पण उडी मारून खाली उतरताना तोल न जाणारा तो माणूस परत आला नाही. २०१ सामन्यांच्या कारकिर्दीतला खरा बहराचा भाग पहिल्या साडेसात मोसमांत संपला होता, हे कळल्यावर त्या तीन पदकांचं वजन वाढतं.

तो क्रिकेटही खेळायचा, हे खरं का?

खरं आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो दक्षिण ऑस्ट्रेलियाकडून प्रथम श्रेणी क्रिकेट खेळला. थोडंच, पण खेळला. उन्हाळ्यात क्रिकेट आणि हिवाळ्यात फूटी, मैदानही तेच, म्हणून दोन्हीत राज्यापर्यंत जाणारे तेव्हा दुर्मीळ नव्हते. यांतला शिरोमणी व्हिक्टर रिचर्डसन. १९२० चं मॅगरी पदक त्याचं, आणि १९३५-३६ च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यावर ऑस्ट्रेलियाच्या कसोटी संघाचा कर्णधारही तोच. इयन, ग्रेग आणि ट्रेव्हर या चॅपल बंधूंचा आजोबा! आता दोन्ही खेळ बारमाही झालेत, तेव्हा हे संपलं.

नंतर काय केलं? मुलं खेळली का?

१९७८ ते १९८० नॉर्थ ॲडलेडचा प्रशिक्षक होता. फार यश नाही. मुलगा मॅथ्यू मात्र ॲडलेडच्या संघातून १९९७ आणि १९९८ अशी लागोपाठ दोन वर्षं राष्ट्रीय लीगचा विजेता झाला. दुसरा मुलगा जोनाथनही त्या लीगमध्ये खेळला. बाप गेला नाही, पण तोवर लीगच गावात आली होती.

राज्यांचे सामने आता होत नाहीत का?

पूर्वीसारखे नाहीत. रॉब्रनच्या काळी ज्या राज्याच्या लीगमध्ये खेळाल त्या राज्याकडून निवड व्हायची. म्हणजे ॲडलेडचा पोरगा मेलबर्नला गेला की व्हिक्टोरियाची जर्सी घालून आपल्याच गावाविरुद्ध उभा राहायचा, आणि व्हिक्टोरिया बहुतेक वेळा जिंकायची. १९७७ मध्ये 'जिथे घडलात त्या राज्याकडून' असा नियम करून पर्थला पहिला सामना झाला. पश्चिम ऑस्ट्रेलियाने व्हिक्टोरियाला ९४ गुणांनी लोळवलं. पण राष्ट्रीय लीग मोठी झाली तसे क्लब आपले महागडे खेळाडू राज्यासाठी जोखमीत घालायला नाखूश झाले, आणि १९९९ नंतर ही नियमित मालिका थांबली. एका गुडघ्याची काय किंमत असते हे ॲडलेडला कोणी शिकवायला नको, तरी इथले जुने लोक याबद्दल अजून चिडतात.

याचा मराठी माणसाशी काही संबंध?

खेळाडूचा नाही. मैदानाचा आहे, आणि तो बारीक नाही. जानेवारी १९४८ मध्ये याच ॲडलेड ओव्हलवर सांगलीच्या विजय हजारे यांनी एकाच कसोटीत ११६ आणि १४५ अशी दोन शतकं काढली, समोर ब्रॅडमनचा संघ. त्याच सामन्यात कोल्हापूरच्या दत्तू फडकरांनी १२३ केल्या. रॉब्रन तेव्हा चार महिन्यांचा होता. २००३ मध्ये अजित आगरकरने ४१ धावांत सहा बळी घेतले तेही इथेच. म्हणून पाहुण्यांना घेऊन मी मैदानाला एक चक्कर मारतो आणि दोन्ही गोष्टी सांगतो.

त्याची लीग आज पाहायला मिळते का?

मिळते, आणि मोठ्या लीगआधी हीच पाहा असा माझा आग्रह. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये आलात तर प्रॉस्पेक्ट ओव्हलवर नॉर्थ ॲडलेडचा घरचा सामना गाठा. रंग लाल आणि पांढरा, टोपणनाव रूस्टर्स, म्हणजे कोंबडे. कठड्याला टेकून उभं राहता येतं, खेळाडूंचं एकमेकांना ओरडणं ऐकू येतं, खांद्याला खांदा भिडल्याचा आवाजही. शाकाहारी असाल तर डबा न्या, कारण स्टॉलवर मुख्यतः सॉस घातलेला मांसाचा पाय मिळतो. (पाय म्हणजे इथे पेस्ट्रीत भरलेला खिमा. पहिल्यांदा ऐकून आमची मावशी दचकली होती.)

मध्यंतरात मुलांना मैदानात सोडतात. आई-बाप कोटाच्या खिशात हात घालून उभे, आणि शंभरेक पोरं चेंडू मारत सुटलेली. मागच्या वर्षी माझी मुलगीही त्यात होती. उजव्या पायाने दहा किक मारून झाल्यावर आमचे ते शेजारी कठड्यावरून वाकले आणि तिला म्हणाले, "आता डाव्याने."